डाव्या कुशीवर

१

दुपारी दीडला जेवण उरकायचं, ताट-वाटी विसळून पालथी घालायची आणि भिंतीला लावलेल्या कॉटवर डाव्या कुशीवर पडायचं. अठ्ठाविसावा आठवडा लागल्यापासून रेश्माचा हा नेम झाला होता. उशाशी एक कागद आणि पेन्सिल. कागदावर तारखांचे चौकोन. पोटात बाळानं लाथ मारली, कूस बदलली, की त्या दिवसाच्या चौकोनात एक रेघ. दहा रेघा झाल्या की काळजी मिटली.

कागद दिला होता कल्पनाताईंनी. त्या घोटावड्याच्या आशा सेविका. दारात चप्पल काढतानाच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं.

"आता शेवटचे तीन महिने. काय काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे घाबरायचं नाही. पाठ दुखेल. छातीत जळजळेल. पोटरीत गोळे येतील. चार पावलं चाललीस तरी धाप लागेल. पोट मधेच दगडासारखं कडक होईल आणि आपोआप सैल पडेल, त्या कळा खऱ्या नव्हेत. हे सगळं व्हायचंच. पण बाळ हलायचं थांबलं, तर ते व्हायचंच असं म्हणायचं नाही. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. दोन तासांत दहा. बाळ हलतच नाहीये असं वाटलं तर दोन तासही थांबायचं नाही. कुणाला विचारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ."

रेश्मानं मान हलवली. तिला समजावून सांगायची खरं तर गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी याच सुमाराला डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, "हालचाल कधीपासून बंद आहे?" आणि तिला सांगता आलं नव्हतं. तेव्हा ती पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला होती. आठ-आठ तास उभं राहून खोके बांधायची. पोटातलं पोर शांत आहे, गुणाचं आहे, असं समजून ती दोन दिवस कामाला जात राहिली होती. ते पोर तिनं जन्माला घातलं, पण रडताना ऐकलं नाही.

या वेळी सहावा लागताच तिनं काम सोडलं. नवरा पियूष पहिल्या पाळीला सकाळी सहाला जायचा, साडेतीनपर्यंत परतायचा. घर म्हणजे एक खोली आणि मोरी. हैबतराव तात्यांनी शेताच्या कडेला, रस्त्याला लागून चार खोल्यांची ओळ बांधली होती. पहिल्या दोन्हींत परराज्यातली कामगार पोरं, ती दिवसभर कामावर. तिसरी यांची. चौथी तात्यांनी स्वतःकडेच ठेवलेली, सामान टाकायला, कायम कुलपात. खोल्यांमधल्या भिंती चार इंची, आणि त्याही छतापर्यंत गेलेल्या नव्हत्या. वर पत्र्यापाशी वीतभर फट होती. पलीकडं कुणी शिंकलं तरी अलीकडं ऐकू यायचं.

त्या दिवशी बाळ जोरात होतं. रेश्मानं भराभर रेघा ओढल्या. पाच, सहा. मग बरगडीखाली एक दणका बसला, ती "आई गं" म्हणाली आणि सातवी रेघ ओढली.

"सात," कुणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. दमलेला, खालच्या पट्टीतला. चौथ्या खोलीच्या बाजूनं, फटीतून उतरल्यासारखा.

आपणच बोललो असू, असं रेश्माला वाटलं. एकटं राहिलं की माणूस स्वतःशी बोलतं. तिनं पुढचे तीन मोजले आणि डोळे मिटले.

२

दुसऱ्या दिवशी तिनं ओठ घट्ट मिटून मोजायला घेतलं.

पहिली लाथ यायला वीस मिनिटं लागली. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, पत्रा थोडा थरथरला, मग सगळं स्तब्ध झालं. बाळानं बेंबीपाशी ढुशी दिली.

"येक."

रेश्माचा हात रेघेवरच थांबला. सामानाच्या खोलीत कुणीतरी भाताची पोती मोजत असेल. साळूबाई मावशी, म्हणजे घरमालकीण, नाहीतर त्यांनी कामाला लावलेली एखादी बाई. ती कान देऊन ऐकत राहिली. पोतं सरकल्याचा आवाज नाही, पाऊल नाही, बांगडी नाही. दहा मिनिटं गेली. बाळ हललं.

"दोन."

पोती मोजणारं माणूस एका पोत्याला दहा मिनिटं लावत नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं मनाला दुसरं काही शोधू दिलं. मोबाईल असेल. कुठंतरी टीव्ही लागला असेल. पण टीव्हीला तिच्या पोटातलं कसं कळणार? तिनं मुद्दाम रेघा ओढणं थांबवलं, नुसती पडून राहिली. बाळ हललं की आवाज यायचा. बाळ गप्प, तर आवाज गप्प. तीन. च्यार. पाच. सा. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका मोजतात तसं, प्रत्येक आकड्यामागं एक लांब श्वास.

"धा," असं म्हणून आवाज थांबला, आणि पलीकडं कुणीतरी सुस्कारा सोडला. काम संपल्यावर सोडतात तसा.

रेश्मा उठून बाहेर आली, ओट्यावर उन्हात बसली आणि पियूष येईपर्यंत आत गेली नाही.

३

"मावशी, त्या शेवटच्या खोलीत कोण राहतं?"

साळूबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "कोन ऱ्हातंय? भाताची पोती हायेत, औषिद मारायचा पंप हाय अन् मोडकी खुर्ची हाय. का गं?"

"दुपारी आवाज येतो. बाईचा."

आता साळूबाईंनी मान वर केली. रेश्माचा चेहरा पाहिला, मग पोट पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचं त्यांना ठाऊक होतं. बोलायला फटकळ असल्या तरी त्या दिवसांत महिनाभर त्यांनी हिच्या घरी भाकरी पोचवली होती. "चल," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढली.

कुलूप कुरकुरत उघडलं. आत कोंड्याचा वास, कोंदट गारवा. पलीकडच्या भिंतीला पोत्यांची थप्पी, कोपऱ्यात पंप, तीन पायांची खुर्ची. खिडकी आतून बंद, तिच्या कडीवर जाळं. रेश्माच्या खोलीकडच्या भिंतीपाशी काहीच नव्हतं, नुसती सिमेंटची जमीन.

"दिसली का बाई?" साळूबाई म्हणाल्या.

रेश्माला हसू आलं. एवढं हलकं वाटलं की तिनं दाराच्या चौकटीला हात टेकून मोकळा श्वास घेतला. आणि तेवढ्यात बाळ हललं.

"येक."

आवाज भिंतीच्या पलीकडून आला. आता पलीकडं म्हणजे रेश्माची खोली, जिला ती कडी घालून आली होती.

साळूबाईंनी कान टवकारले. "मोबाईल चालू ठिवून आलीस व्हय?"

मोबाईल रेश्माच्या मुठीत होता. तिनं तो दाखवला. साळूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग तिला बाहेर काढून त्यांनी दार ओढलं आणि कुलूप लावलं. ते लागलं की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.

"दुपारची हितं यीत जा माज्याकडं," त्या म्हणाल्या. "एकटी नगं बसू."

४

गुरुवारी पियूषची सुट्टी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, थट्टा केली नाही. दुपारी तो तिच्याशेजारी कॉटवर कसाबसा मावून पडला आणि हात तिच्या पोटावर ठेवला. बाळानं त्या दिवशी बापाला खूश करायचं ठरवलं असावं. दीड तासात दहा झाले, वर दोन. प्रत्येक वेळी पियूषचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा.

आवाज एकदाही आला नाही.

"पंखा वाजतोय बघ," तो हळूच म्हणाला. "त्या पात्याचं घासणं माणूस बोलल्यासारखं वाटतंय."

"अहो, पंखा आकडे कसे मोजेल?"

"मग मागचं तुझ्या मनात बसलंय. बसणारच की. माझ्या नाही का बसलंय?" तो छताकडं बघत म्हणाला. "मला कंपनीत फोन वाजला तरी धस्स होतं."

ते ऐकून रेश्माला बरं वाटलं आणि लाजही वाटली. संध्याकाळी दोघं पिरंगुटला तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला, पावलांवर बोट दाबून सूज पाहिली, पोटावर यंत्र ठेवून ठोके ऐकवले. घोडा दौडावा तसे टापटाप ठोके. "छान चाललंय," त्या म्हणाल्या. दुपारच्या आवाजाचं पियूषनंच काढलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "झोप कमी होते ना? दुपारी डोळा लागता लागता आवाज ऐकू आल्यासारखे वाटतात. काळजी करू नका. शंका आली तर मात्र कधीही या, हसं होईल असं समजू नका."

रेश्मानं मान डोलावली. डोळा लागता लागता. असेल. खरंच असेल. परत येताना तिनं वडापाव खाल्ला, जळजळीची पर्वा न करता.

५

साळूबाईंकडं ती दोन दुपारी गेली. तिथं पाहुणे, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. बाळ हललं की नाही तेच कळेना. कागदावर दोन दिवस अर्धे चौकोन राहिले आणि त्या अर्ध्या चौकोनांची तिला जास्त भीती वाटू लागली. तिसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं आपल्या कॉटवर येऊन पडली. मोबाईलवर गाणी लावली, आवाज मोठा केला.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या त्या क्षणभराच्या शांततेत पलीकडून आलं, "येक."

बाळ हललं नव्हतं.

रेश्मानं गाणी बंद केली. चुकलं, ती मनात म्हणाली. चुकली ती. म्हणजे हे सगळं माझ्या डोक्यातलंच. ती हसणार तोच बाळानं कूस बदलली, डावीकडून उजवीकडं, सावकाश.

"दोन," आवाज म्हणाला. रेश्मानं श्वास रोखून मनात आकडे म्हटले. एक, दोन, तीन, चार. लाथ.

"तीन." पुन्हा चार आकड्यांइतका वेळ. लाथ.

आता आवाज बाळामागून येत नव्हता. बाळ आवाजामागून येत होतं. हाक मारावी आणि पोरानं ओ द्यावी, तसं.

तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. माणूस मोजतं ते आपलंच मोजतं. कोंबड्या मोजतं, पोती मोजतं, घरात आणायच्या वस्तू मोजतं. मग ही कशासाठी मोजते? आणि जे मोजून झालं, ते घेऊन जायला ती कधी येणार?

त्या संध्याकाळी तिनं पियूषला सांगितलं, "मला आईकडं पौडला सोडा. कारण विचारू नका."

त्यानं विचारलं नाही. "गुरुवारी सुट्टी आहे, सकाळीच निघू," एवढंच म्हणाला. रेश्मानं त्याच दिवशी पिशवी भरली. दोन गाऊन, गोळ्या, फाइल, आणि तो चौकोनांचा कागद.

६

बुधवारी, निघायच्या आदल्या दिवशी, एकतिसावा आठवडा संपत आला होता.

तिनं डाळ-भात खाल्ला, ताट पालथं घातलं. आज न मोजताच राहावं असं एकदा मनात आलं, पण हात सवयीनं कागदाकडं गेला. ती पडली, डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. आवाज आला तर येऊ दे, उद्या आपण इथं नाही.

पंधरा मिनिटं. बाळ झोपलं असेल.

अर्धा तास. कल्पनाताईंनी सांगितलं होतं, पोटातही बाळ झोपतं, वीस-चाळीस मिनिटं. ती उठली, गुळाचा खडा खाल्ला, वर तांब्याभर गार पाणी प्याली. पोट हलवून पाहिलं. पुन्हा पडली.

पाऊण तास. बाहेरून ट्रक गेला. पत्रा थरथरला आणि थांबला.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पलीकडंही काही नाही. इतके दिवस आवाज नसतानाही तिथं काहीतरी असायचं, कुणीतरी श्वास घेतंय असं. आज भिंत नुसती भिंत होती. आपण त्या आवाजाची वाट बघतोय, हे कळून तिच्या अंगावर काटा आला.

दोन तासांत दहा, ती मनाशी म्हणाली. अजून तास आहे. गेल्या गुरुवारीच तर तपासणी झाली, ठोके छान होते. आता धावत गेलो आणि काही निघालं नाही तर? साडेतीनला पियूष येईल. त्याच्याबरोबर जाऊ. बाळ शांत आहे. गुणाचं आहे.

हा शेवटचा शब्द मनात आला आणि ती थिजली. पण हातपाय हलेनात. दोन वर्षांपूर्वीची सगळी भीती जणू अंगावर येऊन बसली होती. खरं कळण्यापेक्षा न कळणं बरं, असं शरीरच म्हणत होतं.

"ऊट."

आवाज फटीतून नव्हता आला. तो भिंतीतून, तिच्या कानाशी आला होता, जणू मध्ये चार इंचाची वीट नव्हतीच.

रेश्मा हलली नाही.

"ऊट, बाय." या वेळी त्यात घाई होती. आणि रडणं होतं. "मोजू नगं. ऊट. जा."

ती कशी उठली, पिशवी कशी उचलली, तिला कधीच आठवलं नाही. अनवाणीच बाहेर आली. साळूबाईंच्या घराकडं जायची वाट चौथ्या खोलीवरून होती, आणि चौथ्या खोलीचं दार हातभर उघडं होतं.

तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी नजर गेली.

पोत्यांच्या अलीकडं, भिंतीपाशी, उघड्या सिमेंटवर एक बाई पडली होती. डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. दिसत होती फक्त पाठ, अंबाडा सुटून पसरलेले केस, आणि पावलं. पावलं सुजलेली होती, टाचांना भेगा होत्या. रेश्माच्या पावलांसारखीच भरून आलेली. बाईनं वळून पाहिलं नाही. भिंतीकडं बघतच तिनं एक हात वर उचलला आणि मागच्या मागं हलवला. दारात रेंगाळणाऱ्या पोरीला आई घाईघाईनं पिटाळते तसा. जा. जा.

रेश्मा पळाली.

७

"मावशी, बाळ हलत नाहीये," एवढंच ती बोलू शकली. मग, "आत बाई आहे."

साळूबाईंनी दुसऱ्या वाक्याकडं लक्षच दिलं नाही. "आवो, गाडी काढा!" अशी त्यांनी आरोळी ठोकली की हैबतराव तात्या जेवता जेवता खरकट्या हातानं धावत आले. साळूबाईंनी रेश्माला मागच्या सीटवर आडवं केलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पिरंगुटपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मी हाय. मी हाय."

डॉक्टरीणबाईंनी पट्टा लावला. ठोके होते. ते ऐकून रेश्मा हुंदका देणार, तोच तिनं बाईंचा चेहरा पाहिला. घोडा आता दौडत नव्हता. चालत होता, मध्येच अडखळत होता.

"नाळेतून रक्त नीट पोचत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि फोन उचलला. "बाळाला बाहेर काढावं लागेल, आणि लहान बाळांना ठेवायची सोय माझ्याकडं नाही. पुण्याला जायचंय, आत्ता. रेश्मा, माझ्याकडं बघा. बाळ आहे. तुम्ही वेळेत आणलंय."

ॲम्ब्युलन्स चांदणी चौकापाशी गर्दीत अडकली तेव्हा तात्यांच्या फोनवरून निघालेला, कंपनीच्या गणवेशातला पियूष मोटारसायकल टाकून देऊन धावत आला आणि गाडीत चढला. तिची सुजलेली पावलं त्यानं दोन्ही हातांत धरून ठेवली.

अजून पुरता उजेड असतानाच, साडेपाचला मुलगी झाली. एक किलो चारशे ग्रॅम. पडद्याआड कुणीतरी म्हणालं, "आली, आली," मग एक भयंकर शांतता, आणि मग मांजराच्या पिल्लासारखं बारीक, चिडकं, फाटलेलं रडणं.

रेश्मा हसली. पोट उघडं असताना, हात बांधलेले असताना, ती इतकी हसली की भूलतज्ज्ञ घाबरून तिच्या तोंडावर वाकले.

"काय होतंय ताई?"

"रडतीये," ती म्हणाली. "डॉक्टर, रडतीये ती."

८

मुलगी काचेच्या पेटीत तीन आठवडे होती. पहिले चार दिवस कठीण गेले. मग नाकातली नळी निघाली, मग सुईनं चढवायचं पाणी थांबलं, मग एका दुपारी सिस्टरनं तिला रेश्माच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून चादर बांधली. बेडकाएवढं ते लेकरू. त्याच्या पाठीचं वर-खाली होणं रेश्मा बघत राहिली. कागद-पेन्सिल कुठं होती, तिला आठवलंही नाही. पेटीवर "रेश्माचं बाळ" अशी चिठ्ठी होती, ती बदलून पियूषनं "वैष्णवी" असं वळणदार अक्षरात लिहिलं.

साळूबाई तिसऱ्या आठवड्यात आल्या. पिशवीत डिंकाचे लाडू, हळिवाची पुडी, आणि बाळासाठी शिवलेली इतकी लहान झबली की बाहुलीची वाटावीत. काचेतून मुलीला पाहून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. "आजीवानी नाक हाय," त्या म्हणाल्या, कुणाच्या आजीसारखं ते न सांगता.

मग दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. बराच वेळ साळूबाई पदराची कड दुमडत राहिल्या.

"भूगावला खोली बघतोय म्हनं पियूष."

"हो. त्यांना वाटतं मला तिथं भीती वाटेल."

"अन् तुला?"

रेश्मानं विचार केला. इतक्या दिवसांत तिनं तो दाराआडचा क्षण कितीदा तरी आठवून पाहिला होता. दर वेळी अंगावर काटा यायचा, आणि काट्यामागून दुसरंच काही भरून यायचं.

"नाही वाटत," ती म्हणाली. "मावशी, त्या दिवशी मी आले तेव्हा दार उघडं होतं. कुणी उघडलं होतं?"

"कुनी न्हाई. तुमी पुन्याला गेला अन् मी घरी आली. तशीच त्या खोलीकडं गेली. कुलूप लावल्यालं. किल्ली माज्या कमरंला. उगडून बगितलं. आत काय न्हाई. पोती हायेत, पंप हाय."

"मग?"

"मग काय? तू म्हनली व्हतीस, आत बाई हाय. तू काय खोटं बोलनारी पोर न्हाईस." त्यांनी नजर समोरच्या भिंतीवर ठेवली. आवाज नेहमीसारखाच फटकळ होता, पण तो थोडा कापला. "माज्याकडं एक नवी वाकळ व्हती, म्याच शिवल्याली, पाव्हन्यांसाटी ठिवल्याली. ती भितीपाशी हातरून आली. उशाला पान्याचा तांब्या ठिवला. सिमिटावर किती दीस पडायचं बाईनं?"

रेश्मानं साळूबाईंचा हात धरला. खरखरीत, उबदार हात. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"खोली सोडू नका म्हणून सांगते त्यांना," ती अखेर म्हणाली.

"सांग. भाडं मागंच ऱ्हाऊ दे दोन म्हैने," साळूबाई म्हणाल्या आणि नाक पुसलं.

आतलं दार उघडलं. सिस्टरनं डोकं बाहेर काढून हाक मारली, "वैष्णवीची आई! या लवकर, भूक लागलीय तिला. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय."

"आले," रेश्मा म्हणाली, आणि टाके सांभाळत, भिंतीला धरून, जमेल तितक्या घाईनं ती आत गेली.